हौद्यात मावलेलं गाव

आमच्या जुन्नर भागात आज कुणाच्याही दारात उभं राहून हाक मारली, की "पिकअप हाय का रं मोकळी?" तर कुठून तरी "हाय की, किती डाग हायेत?" असं उत्तर येतंच. टोमॅटो मार्केटला न्यायचा असो, नवरीचं रुखवत पोचवायचं असो, शेळ्या बाजाराला न्यायच्या असोत, नाहीतर जत्रेत साउंड लावायचा असो, पिकअपशिवाय पान हलत नाही. पण माझ्या लहानपणी हा शब्दच गावात नव्हता. तेव्हा होती बैलगाडी, आणि तिच्या पुढं हुंडेकऱ्याचा ट्रक.

माल कसा जायचा ते सांगतो. रानात तोडलेली भाजी सांजच्याला पाट्यांत भरायची, वर गोणपाट शिवायचं, त्यावर आडत्याचं नाव घालायचं आणि बैलगाडीनं पुणे-नाशिक रस्त्यावर आणून ठेवायची. तिथून हुंडेकऱ्याचा ट्रक रात्री ते डाग उचलायचा आणि मुंबईला भायखळ्याच्या बाजारात टाकायचा. चार दिवसांनी पट्टी यायची. तिच्यात हमाली, तोलाई, आडत, भाडं वजा होऊन जे काही उरायचं ते आमचं. भाव काय फुटला, माल कधी पोचला, किती नासला, यातलं काही आपल्या डोळ्यांनी बघायची सोय नव्हती. शेतकऱ्याला स्वतःची गाडी हवी होती ती मिरवायला नव्हे. आपला माल आपल्या डोळ्यांसमोर विकला जावा म्हणून.

त्या आधीच्या गाड्यांचाही एक इतिहास आहे. स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्रांनी विलिज जीप जोडायला सुरुवात केली. लढाईसाठी जन्मलेली ती गाडी पुढं बागायतदारांच्या दारात आली. मागं छोटी ट्रॉली जोडून खताच्या गोणी, पाण्याचं पिंप, इंजिन असं काहीही ओढायची. मग १९५८ साली फिरोदियांनी जर्मन कंपनीशी हातमिळवणी करून बजाज टेम्पो काढली. पुढं आकुर्डीला कारखाना झाला. 'टेम्पो' हे खरं तर त्या जर्मन गाडीचं नाव. पण आपल्या लोकांनी ते असं उचललं, की तीनचाकी असो वा चारचाकी, कुठल्याही कंपनीची असो, माल वाहणारी छोटी गाडी म्हणजे टेम्पो! मूळ कंपनीनं २००५ साली आपलं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं. आमच्याकडचा टेम्पो मात्र टेम्पोच राहिला. त्यानंतर मॅटॅडोर आली. १९८६ ला टाटांची चारशे सात आली, आणि हुंडेकऱ्याच्या मोठ्या ट्रकला गावात पहिल्यांदा स्पर्धा सुरू झाली.

आमच्या घरी जुना टेम्पो आला तो १९९३ ला. धाकटे चुलते, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, त्यांनी हट्टच धरला. एका पतपेढीनं कर्ज दिलं, पण हातचे पैसे भरायला कमी पडत होते. आबांनी गोठ्याकडं बघितलं. चार दिवस कुणाशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी खिलारी जोडी बाजारात गेली.

आजी नानांना म्हणाली, "बैलं इकून लोखंड आणतोस व्हय रं? बैल दमला तर बसतो, उठतो. ह्ये बसलं तर कोन उठवील?"

नाना हसले. पहिली तीन वर्षं हसण्यासारखीच होती. आमचा टोमॅटो, भावकीचा फ्लॉवर, शेजारच्या वाडीची मेथी-कोथिंबीर, सगळं नाना न्यायचे. गाडीच्या कागदावर एक टन लिहिलेलं असायचं, भरायचो आम्ही दोन टन. कमानपाट्यांना एक-एक पान जादा टाकून घेतलं होतं. माल उतरवून येताना हौदा रिकामा का आणायचा, म्हणून किराणा, खत, पत्रे असं भाडं मिळायचं.

आणि चैत्र आला की हौद्याचं रूप पालटायचं. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे पुढारी तिथं येऊन जत्रेची सुपारी ठरवतात. हे विठाबाईंचं गाव. तमाशा इथल्या मातीत आहे. एके काळी फड बैलगाड्यांतून हिंडायचे, मग ट्रक आले. कधी फडाची गाडी बंद पडली की पेट्या, कनाती आणि वाजंत्री मंडळी आमच्या टेम्पोत यायची. नाना त्यांच्याकडून भाडं कमी घ्यायचे आणि पुढच्या रांगेत बसायचे. जत्रेत आमच्या टेम्पोची फळकी पाडून तिच्यावर कुस्त्यांचे पंच बसायचे. गणपतीत त्याच हौद्यावर देखावा. लग्नसराईत वऱ्हाड. मालाच्या गाडीत माणसं बसवायला कायद्यानं मनाई आहे, हे तेव्हाही होतं. पण एस.टी. चुकली की कायदा कुणाला आठवतो? वळणावर हौद्याचा दांडा धरून उभ्या असलेल्या लेकरांचे हात आज आठवले की पोटात गोळा येतो.

१९९६ च्या सुमारास मुंबईचा भाजीपाला बाजार भायखळ्याहून वाशीला हलला. ओतूरवरून माळशेज घाट उतरून कल्याणमार्गे वाशी गाठायची, असं आमचं ठरलेलं. पुढच्या वर्षी ऑगस्टात, भर पावसात, खोकी गच्च भरून नाना निघाले. मी सोबत होतो. ती खेप वाशीला पोचली, पण भाव पडलेला. अर्धा माल विकला, अर्ध्याला गिऱ्हाईकच नाही. तोच अर्धा माल घेऊन, कल्याणला तरी जाईल या आशेनं फिरलो. तिथंही तीच गत. रात्री घाट चढताना निम्म्यात क्लचप्लेट जळाली. वास आला, गाडी थांबली. चूक गाडीची नव्हती. वर्षानुवर्षं दुप्पट ओझं आम्हीच लादलं होतं.

धुकं असं, की स्वतःचा हात दिसेना. मागच्या चाकांना दगड लावून आम्ही बसलो. तासाभरानं एक रिकामा ट्रक वर चाललेला थांबला. ड्रायव्हर उतरला, काही न विचारता त्यानं सीटखालून साखळी काढली.

"टोचन लावू," तो म्हणाला.

हा शब्द 'टो-चेन'वरून आला असावा. पण रस्त्यावरच्या माणसानं तो असा मराठी करून टाकलाय, की टोचन लावतात, टोचन तुटतं, टोचननं नेतात. त्या ड्रायव्हरनं मला दोन गोष्टी समजावल्या. साखळी कधी ढिली पडू द्यायची नाही, ढिली पडून एकदम ताणली की झटक्यानं तुटते. आणि इंजिन बंद असलं की ब्रेकला ताकद लागते, पायात जोर ठेवून बस. चढाला टोचन सोपं. खरी परीक्षा उताराला, तेव्हा मागचा पुढच्यावर जाऊन आदळतो.

पहाटे त्यानं आम्हाला ओतूरपर्यंत आणून सोडलं. नाना पैसे काढायला लागले तर म्हणाला, "टोचनचं भाडं घ्यायचं नसतं मालक. उद्या मी अडकंन." त्याचं गाव विचारायचं राहून गेलं. नासलेला टोमॅटो आम्ही ओढ्याच्या कडेला ओतला.

त्यानंतर हप्ते थकले. एक, तीन, पाच. एके दिवशी सकाळी वसुलीची चार माणसं दारात आली. कागद दाखवले, किल्ली मागितली. नानांनी दिली. पण गाडी चालू होईना, बॅटरी उतरली होती. मग त्यांनी आणलेली जीप पुढं लावली, आणि त्यांच्यातला एक जण म्हणाला, "साखळी आहे का घरात?"

घरात एकच जाड साखळी होती, लोखंडी नांगराची. बैल गेल्यापासून खुंटीला टांगलेली. आबा उठले, ती काढली आणि त्यांच्या हातात दिली. नाना घरात जाऊन बसले. आमचा टेम्पो आमच्याच साखळीनं टोचन होऊन गेला. साखळी परत आली नाही.

पुढं जग फार झपाट्यानं बदललं. २००५ ला टाटांची एस आली, पाऊण टनाची. तिला लोकांनी छोटा हत्ती म्हटलं. मग बोलेरो पिकअपनं तर आमचा भाग व्यापला. नारायणगावचं टोमॅटो मार्केट मोठं झालं, लाकडी खोक्यांच्या जागी वीस किलोचं प्लास्टिकचं कॅरेट आलं. आता व्यापारी इथंच येतो, भाव इथंच डोळ्यांसमोर फुटतो. ज्यासाठी नानांनी हट्ट धरला होता ते उशिरा का होईना, झालं. त्याच पिकअपवर डीजेच्या भिंतीही उभ्या राहतात. रात्री दहानंतर बंद करायचा नियम आहे. तो किती पाळला जातो ते खिडक्यांच्या काचांना विचारावं.

माझ्या पुतण्यानंही पिकअप घेतली. बैलगाडा शर्यतींवर २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली होती. डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली. पुढच्या चैत्रात पुतण्या गावातली एक खिलारी जोडी पिकअपमध्ये घालून घाटावर निघाला. हौद्यात भाताचा पेंढा अंथरलेला, बैलांच्या अंगावर झुली, शिंगांना रंग. आबा नव्वदीला टेकलेले, ओट्यावर बसून बघत होते.

"बैलं गाडीत बसली," ते म्हणाले. मग बराच वेळ गप्प राहून पुतण्याला हाक मारली, "हप्ता किती ऱ्हायलाय रं?"

"आठ, आबा."

"मंग दीड टनाच्या वर भरू नगंस," आबा म्हणाले. "आन् साखळी ठिवलीस का संगं? रस्त्यात कुनी अडकलेलं दिसलं तर थांब."