बॅक स्ट्रीट

युनिव्हर्सल कंपनीचा १९३२ सालचा कृष्णधवल अमेरिकी बोलपट. दिग्दर्शक जॉन एम. स्टाल, छायालेखक कार्ल फ्रॉइंड. फॅनी हर्स्ट यांच्या १९३१ च्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात आयरीन डन आणि जॉन बोल्स यांच्या प्रमुख भूमिका आहेत. विवाहित पुरुषाशी वर्षानुवर्षे लपूनछपून संबंध ठेवणाऱ्या स्त्रीची ही कथा आहे.

सिनसिनाटीची रे श्मिट ही हसरी, चारचौघांत उठून दिसणारी मुलगी. बागेतल्या बँडच्या कार्यक्रमाला वॉल्टर सॅक्सेल आपल्या आईशी तिची गाठ घालून देणार असतो. नेमक्या त्याच वेळी रेची बहीण प्रेमभंगापायी जिवाचे बरेवाईट करून घेण्याची धमकी देते. तिला सावरून रे बागेत पोहोचते तेव्हा कार्यक्रम संपलेला असतो, गर्दी पांगू लागलेली असते. काही वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये दोघे पुन्हा भेटतात. आता वॉल्टर विवाहित आहे. त्याच्या शब्दाखातर रे चांगली नोकरी सोडते आणि त्याने घेऊन दिलेल्या फ्लॅटमध्ये त्याची वाट पाहत राहते.

स्टाल यांनी आक्रस्ताळेपणा टाळला, हे या चित्रपटाचे खरे बळ. वॉल्टर खलनायक नाही. तो फक्त सोयीने वागतो, आणि ते जास्त बोचते. शेवटी अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या वॉल्टरच्या कानाशी टेलिफोन धरला जातो. पलीकडे रे असते. एरवी रडारडीला पुरेसा ठरला असता असा हा प्रसंग स्टाल यांनी जवळजवळ कोरडा ठेवला आहे.

१९३४ पासून हॉलीवूडची नीतिसंहिता कडकपणे लागू झाली. त्यानंतर अशा नायिकेला इतक्या सहानुभूतीने दाखवणे अवघड झाले. तरी कथा पुन्हा दोनदा पडद्यावर आली. १९४१ मध्ये रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी मार्गारेट सुलाव्हन आणि शार्ल बॉय्ये यांना घेतले. त्यातल्या फ्रँक स्किनर यांच्या संगीताला ऑस्करचे नामांकन मिळाले. १९६१ ची रंगीत आवृत्ती निर्माते रॉस हंटर यांची, दिग्दर्शक डेव्हिड मिलर. इथे सुझन हेवर्ड यशस्वी फॅशन डिझायनर झाली आणि पत्नी (व्हेरा माइल्स) दारूच्या आहारी गेलेली दाखवली. त्यामुळे नायकाला आयते निमित्त मिळाले आणि कथेतला पेच सैल पडला. ऑस्करचे नामांकन मात्र याही आवृत्तीला मिळाले, तेही जाँ लुई यांच्या वेशभूषेसाठी.