पूर्ववत

फाटकाच्या खांबाला प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला एक कागद बांधला आहे. आत दव शिरल्यानं शाई जराशी फुटली आहे, तरी तुम्हाला वाचता येतं: शेतजमिनीच्या वापरात बदल, राहण्यासाठी दोन कॅरॅव्हॅन आणि एक धुण्याभांड्यांची खोली, हरकती २१ दिवसांत कळवाव्यात.

तुम्ही इंग्लंडच्या केंट परगण्यात, लंडनपासून फार दूर नसलेल्या एका अरुंद रस्त्यावर उभे आहात. फाटकाआड अर्धा एकर जमीन. पांढऱ्या कॅरॅव्हॅनच्या खिडकीत क्राउन डर्बीच्या सोनेरी काठाच्या बशा उभ्या मांडल्या आहेत. बाहेर शेकोटी पेटली आहे. तिच्यावर कललेला एक लोखंडी आकडा जमिनीत ठोकला आहे आणि त्याला काळीकुट्ट किटली लटकते आहे. शेजारी खुर्चीत आजी बसली आहे. या घराण्याला आपण नाव देणार नाही. केंटमधल्या कितीतरी जिप्सी घराण्यांच्या वाट्याला जे आलं, ते एकाच आकड्याभोवती बसून बघायचं आहे.

आजी नातवाला म्हणते, "पानी."

तुम्ही दचकता. नातू नळाकडे पळतो. होय, तोच शब्द. नाकाला नाक, कानाला कान म्हणणारी ही माणसं. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारताच्या वायव्य भागातून निघाले. इंग्लंडात पोचले तेव्हा लोकांना ते इजिप्तचे वाटले, म्हणून 'इजिप्शियन', आणि त्याचाच पुढे 'जिप्सी' झाला. स्वतःला ते रोमनी म्हणवतात, आणि तुमच्यामाझ्यासारख्या बाहेरच्यांना गॉर्जा.

आकड्याला हात लावा. तापला आहे, पण चटका बसणार नाही. डोळे मिटा.

साल १५५४. पाय हललेले नाहीत, जमीन तीच आहे. फाटक मात्र नाही, कुंपणही नाही. काटेरी झुडपं, ओकची झाडं, आणि गावाची गुरं चरतात तो सामायिक माळ. आकड्याच्या जागी एक ओली वाकडी काठी आहे. तिच्याखालच्या जाळापाशी बसलेली बाई पोराला छातीशी धरून रस्त्याकडे बघते आहे. २४ वर्षांपूर्वी, १५३० साली, आठव्या हेन्रीच्या कायद्यानं तिच्या माणसांना देश सोडायला १६ दिवस दिले होते. आता राणी मेरीच्या राज्यात नवा कायदा झाला आहे. बाहेरून आलेला 'इजिप्शियन' महिन्याहून जास्त राहिला, तर त्याला फाशी. सुटकेची एकच वाट ठेवली आहे: हे भटकं जगणं सोडा, एखाद्या घरधन्याच्या चाकरीत राहा, एका जागी बसा.

ही अट मनात नीट जपून ठेवा. पुढे लागणार आहे.

पुन्हा डोळे मिटा. तीनशे वर्षं सरतात. माळ गेला. संसदेनं एकामागून एक कायदे करून गावोगावचे सामायिक माळ कुंपणात घातले आणि मालकांच्या नावे केले. तुमच्यासमोर आता हॉथॉर्नचं काटेरी कुंपण आहे आणि चूल कुंपणाबाहेर, रस्त्याच्या कडेच्या गवतात आली आहे. हेझलच्या लवचिक काठ्या जमिनीत रोवून, वाकवून, वर घोंगडी टाकून राहुटी उभी केली आहे. तुम्ही तिला पटकन पाल म्हणाल, आणि चुकणार नाही. १८३५ च्या रस्तेविषयक कायद्यानं या पालालाही दंड लावला आहे, ४० शिलिंगांपर्यंत. तो कायदा जिप्सींचं नाव घेऊन बोलतो.

'पाल' हा शब्द ओठांवर आलाच आहे, तर क्षणभर घराकडे बघा. याच राज्यकर्त्यांनी १८७१ साली हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा केला. नंतर सोलापूरला काटेरी तारांच्या आत सेटलमेंट उभी राहिली. कैकाडी, पारधी, माकडवाले यांच्या वाट्याला हजेरी आली, पास आला, आणि पोर जन्मल्या दिवसापासून कपाळावर गुन्ह्याचा शिक्का आला. तो शिक्का कागदावरून पुसायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. मधे समुद्र असले तरी पालाकडे बघणारी नजर एकच होती.

आता नाकात कडवट, हिरवा वास शिरतो. हॉप्स. १९३० च्या दशकातला सप्टेंबर आहे. कुंपण आहे, पण फाटक सताड उघडं आहे. उंच तारांवर चढलेले वेल खाली ओढले जाताहेत, आणि बिअरला कडूपणा देणारी त्यांची बोंडं बायका गोणपाटाच्या लांब झोळ्यांमध्ये तोडून टाकताहेत. लंडनच्या ईस्ट एंडमधली कुटुंबंही आली आहेत आणि जिप्सीही. मोजणारा माणूस मापानं हिशेब करतो. शेताच्या कडेला रंगीत लाकडी घरगाड्या उभ्या आहेत. त्या गाड्यांना हे लोक वार्डो म्हणतात. घोडे चरताहेत. आता आकडा लोखंडाचा आहे. शेतकरी स्वतः येऊन सांगतो, "पुढच्या वर्षी सफरचंदाला जरा लवकर या."

या जगण्यात रीत होती. वसंतात भाजीचे मळे, उन्हाळ्यात चेरी, मग हॉप्स, मग सफरचंदं, मग बटाटे. या माणसांना रोज दिशाहीन भटकायचं नव्हतं. ठरलेल्या कामाला ठरलेल्या जागी यायचं असायचं. त्या जागेला त्यांच्या बोलीत 'अचिन टॅन' म्हणतात, म्हणजे थांबायचं ठिकाण. त्यांच्या भाषेत थांबण्याला नाव आहे. त्यांना थांबायचंच नसतं, असं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ऐकावं.

मग हॉप्स तोडायची यंत्रं येतात आणि बायकांचे हात नकोसे होतात. १९५९ च्या रस्तेविषयक कायद्यात रस्त्याकडेला मुक्काम करणारा 'जिप्सी' पुन्हा नाव घेऊन गुन्हेगार ठरतो. १९६० चा कॅरॅव्हॅनविषयक कायदा सांगतो की, परवान्याशिवाय शेतात कॅरॅव्हॅन ठेवू देता येणार नाही. शिवाय उरलेसुरले सामायिक माळ त्यांच्यासाठी बंद करण्याचा अधिकार तो स्थानिक परिषदांना देतो. शेतकरी फाटक लावून घेतो. त्याच्या मनात वैर नसतं, दंडाची भीती असते.

जानेवारी १९६२. बोटं बधिर झाली आहेत. तुम्ही डार्टफर्डजवळ ए-२ महामार्गाच्या कडेला उभे आहात. डॅरेन्थच्या जंगलातून हाकललेली कुटुंबं इथं चिखलात आहेत, आणि लॉरी गेली की कॅरॅव्हॅन थरथरते. आपली आजी त्यातल्या एकीत सहा वर्षांची आहे. शाळेत एका बाकावर चार आठवडेही तिला कधी बसायला मिळालेलं नाही. नॉर्मन डॉड्स नावाचे एक खासदार या माणसांसाठी संसदेत घसा कोरडा करताहेत. सहा वर्षांनी, १९६८ साली, एरिक लबक या दुसऱ्या खासदारांच्या विधेयकाचा कायदा होतो आणि जिप्सींसाठी मुक्कामाच्या जागा उभारणं हे स्थानिक परिषदांचं कर्तव्य ठरतं. जागा मिळतात, पण पुष्कळशा कचरा डेपोशेजारी, सांडपाण्याच्या कारखान्याशेजारी, रेल्वेच्या रुळांशेजारी. आणि सगळ्यांना पुरतील इतक्या कधीच मिळत नाहीत.

एप्रिल १९७१ मध्ये लंडनजवळ पहिली जागतिक रोमनी परिषद भरते. तिथला झेंडा बघा. वर आकाशाचा निळा, खाली जमिनीचा हिरवा आणि मधोमध सोळा आऱ्यांचं तांबडं चाक. ते चाक पाहून तुम्हाला आपल्या झेंड्यावरचं चक्र आठवेल. तो योगायोग नाही, नातं सांगण्यासाठीच ते तिथं आलं.

आता १९८५ सालात या. आजी तिशीत आहे, पदरात मुलं आहेत. नवरा-बायकोनं भंगार, गालिचे, घोडे विकून पैसे साठवले आणि हा अर्धा एकर विकत घेतला. दस्त झाला, नोंद झाली. फाटक त्यांचं, कुंपण त्यांचं. तिनं आकडा आपल्या हातानं ठोकला. १५५४ ची ती अट आठवा: एका जागी बसा. बसलो, ती म्हणते.

आठवड्याभरात अधिकारी येतो.

सातबारा नावावर आहे, पण बिगरशेती परवानगी नाही, ही अडचण मराठी माणसाला समजावून सांगायला नको. इंग्लंडात १९४७ च्या नियोजन कायद्यापासून जमीन तुमची, पण तिचा वापर बदलायचा अधिकार परवानगीवर चालतो. स्वतःच्या शेतात कॅरॅव्हॅन ठेवून झोपलात, तरी वापर बदलला. शिवाय लंडनभोवती हरितपट्टा आहे. शहर पसरू नये म्हणून ठेवलेली ती मोकळी जमीन आहे, आणि तो हेतू चांगलाच आहे. तिथं परवानगी हवी तर सहसा 'अगदी विशेष परिस्थिती' सिद्ध करावी लागते. पण जिप्सींना परवडणारी आणि कुणी विकायला तयार असलेली जमीन बहुतेक वेळा अशीच, गावाबाहेरची, पट्ट्यातली असते. गावातल्या जमिनीला घरबांधणीचा भाव असतो.

धुण्याभांड्यांच्या खोलीचंही तेच. कॅरॅव्हॅनच्या आत संडास नको, कपड्यांचं घमेलं आणि भांड्यांचं घमेलं वेगळं. ती एक झाली की 'मोकाडी', म्हणजे विटाळलं. सोवळ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही आजीचं हे म्हणणं कळेल. नकाशावर मात्र ती खोली म्हणजे पट्ट्यातलं आणखी एक बांधकाम.

अर्ज नामंजूर. तेव्हाच्या एका पाहणीत जिप्सींचे दहापैकी नऊ अर्ज पहिल्या फेरीत फेटाळले गेल्याचं दिसलं. एरवी दहापैकी आठ अर्ज मंजूर होत. मग हटवण्याची नोटीस, दंड, अपील, पुन्हा रस्ता, पुन्हा परत. १९९४ साली सरकार १९६८ चं ते कर्तव्यच रद्द करतं आणि जिप्सींना सांगतं, स्वतःच्या जमिनी घ्या. आजी हसत नाही. तिनं त्या सल्ल्याच्या नऊ वर्षं आधीच जमीन घेतली होती.

१८ जानेवारी २००१. फ्रान्समधलं स्ट्रासबर्ग, युरोपीय मानवी हक्क न्यायालय. तुम्ही मागच्या बाकावर आहात. अशाच पाच इंग्लिश जिप्सी कुटुंबांच्या दाव्यांचा निकाल आज आहे. समोर १७ न्यायाधीश. न्यायालय मान्य करतं की, कॅरॅव्हॅनमध्ये राहणं हा जिप्सींच्या ओळखीचा भाग आहे आणि ती जीवनपद्धती जगता यावी, यासाठी पावलं उचलणं हे राज्याचं कर्तव्य आहे. तुमचा श्वास थांबतो. मग निकाल: १० विरुद्ध ७, दावा फेटाळला. पर्यावरण जपण्याचा राज्याचा हेतू वरचढ ठरला. ते सात न्यायाधीश विसरू नका. माणसाला जायला दुसरी जागाच नसेल, तर त्याला हाकलणं न्याय्य कसं, हा प्रश्न त्यांनी नोंदीत ठेवला.

आता घाईनं पुढे. १९ ऑक्टोबर २०११, टेम्सपलीकडे एसेक्समधलं डेल फार्म. जुन्या भंगार-आवाराची जमीन स्वतः विकत घेऊन राहिलेल्या जिप्सींसारख्याच भटक्या आयरिश ट्रॅव्हलर समाजाच्या सुमारे ८० कुटुंबांना ढाली घेतलेले पोलीस बाहेर काढताहेत. २०१५: नियोजनाच्या धोरणात 'जिप्सी' शब्दाची व्याख्या बदलते. म्हातारपणानं किंवा आजारानं ज्यांचा प्रवास कायमचा थांबला, ते आता जिप्सी नाहीत. म्हणजे फिरत होते तेव्हा फिरण्याबद्दल शिक्षा, आणि गुडघे गेले तेव्हा न फिरण्याबद्दल. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी लंडनचं अपील न्यायालय हा भेदभाव असल्याचं ठरवतं आणि डिसेंबर २०२३ मध्ये सरकार जुनी व्याख्या परत आणतं.

डोळे उघडा. आकड्यावरचा हात काढा.

फाटकावरचा कागद आता जुना झाला आहे. परिषदेच्या सभेत हरकती वाचल्या गेल्या: रहदारी, निचरा, गावाचं रूप. आजीच्या मुलीला बोलायला तीन मिनिटं मिळाली. ती धाकट्याच्या शाळेबद्दल बोलली. त्याला अक्षरं येऊ लागली आहेत, घराण्यात असं पहिल्यांदाच होतं आहे. अर्ज फेटाळला गेला. मग अपील झालं. अपील ऐकणाऱ्या निरीक्षकानं जमीन पायी फिरून पाहिली, मुलांचं हित आणि आजीचे दवाखान्याचे कागद लक्षात घेतले. आज निकालाचं पाकीट आलं आहे.

"वाचून दाखव, बाळा," आजी तुमच्या हातात कागद देते.

तुम्ही वाचता. परवानगी आहे. नावं दिलेल्या माणसांपुरती, तीन वर्षांसाठी. मुदत संपल्यावर कॅरॅव्हॅन, खडी आणि खोली काढून जमीन पूर्ववत करावी.

"पूर्ववत म्हणजे?"

"आधी होती तशी, आजी."

"आधी म्हणजे कधी?"

तुम्ही कागद उलटून बघता. त्यावर तारीख नाही. पण तुम्ही तर आत्ताच तिथून आलात. इथं फाटक नव्हतं, ते पाहून आलात. फाटक उघडं ठेवून तिच्या आईला बोलावणारा शेतकरी पाहून आलात. ओल्या काठीपाशी रस्त्याकडे बघत बसलेली बाईही पाहून आलात. यातलं कोणतं आधी तिला सांगाल?

आजी उत्तरासाठी थांबत नाही. आकडा जरा सैल झाला आहे. ती वाकते, दगड उचलते आणि त्याला आणखी दोन बोटं खोल ठोकते.