उतार तपासला होता, तरीही…

जालन्यात बसून बर्फावर बोलायचं म्हणजे गंमतच. आपला बर्फ रसवंतीवरचा, नाहीतर गारपिटीतला. पण हल्ली इथली पोरं गुलमर्गला स्कीइंगला जातात, आणि एखाद्याला नेहमीची वाट सोडून एकट्यानंच लांबच्या उतारावर जावंसं वाटतं. त्याच्यासाठी ही जुनी गोष्ट.

7 जून 1922. एव्हरेस्टच्या नॉर्थ कोलखालचा उतार. मॅलरी, सॉमरव्हेल, क्रॉफर्ड आणि 14 हमाल. नुकताच भरपूर नवा बर्फ पडलेला. मॅलरी बेफिकीर होता असं नाही. खालच्या उभ्या टप्प्यावर त्यांनी मुद्दाम खोल चर पाडत बर्फ तपासला. हलला नाही. वरचा उतार तर त्याहून सौम्य! निघाले. दुपारी दीडच्या सुमारास तो सौम्य उतारच सुटला. नऊ हमाल वाहून गेले. दोघांना जिवंत उकरून काढलं, सात गेले.

असं का झालं असावं? बर्फाचे थर असतात. कधी खालचा थर साखरेसारखा सुटा असतो आणि वर वाऱ्यानं घट्ट थर बसतो. ज्वारीच्या दाण्यांवर शहाबादी फरशी ठेवून तिरकी करा, तसं. एका जागी टिकली म्हणून दहा पावलांवर टिकेलच असं नाही. आज जाणकार फावड्यानं खड्डा खणून थर बघतात. 30 ते 45 अंशांच्या उतारावर जास्त जपतात. पायाखाली ‘धप्प’ असा आवाज आला किंवा भेगा पळाल्या की सरळ मागे.

आपल्याकडे या अभ्यासासाठी 1969 मध्ये मनालीला संस्था उभी राहिली, मुख्यतः सैन्यासाठी. तरी बर्फ ऐकतोच असं नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये सियाचीनच्या सोनम चौकीवर दहा जवान गाडले गेले. त्यात दुष्काळी माण तालुक्यातले सुनील सूर्यवंशी होते. तिथे बर्फाची भिंतच कोसळली होती, आणि शोधायला कुत्री, यंत्रं, शेकडो हात लागले.

एकट्याचं काय? गाडलेल्या माणसाला साधारण 15 मिनिटांत काढलं तर आशा असते. अंगावरचा ट्रान्सीव्हर सिग्नल देत राहील, पण तो पकडायला आणि उकरायला दुसरं माणूस जवळ हवं. 1922 मध्ये ते दोघे वाचले, कारण वर सोबती उरले होते.

दोन वर्षांनी मॅलरी पुन्हा त्याच डोंगरावर गेला. ते पुढच्या भागात.