छिद्राची भिंत

चाळणीचा नियम आपण लहानपणीच शिकतो : बारीक ते खाली पडते, जाड ते वर राहते. पेशीपटल मात्र हा नियम जुमानत नाही. त्यातील पोटॅशियमच्या मार्गिकेतून पोटॅशियमचा आयन सहज जातो आणि त्याहून लहान असलेला सोडियमचा आयन अडतो. असे निवड करणारे छिद्र निर्जीव पदार्थात घडवता येईल काय? या प्रयत्नांचा इतिहास आपण थोडक्यात पाहू.

छिद्र मिळाले ते दुसऱ्याच कामातून. १९६०च्या दशकात अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत फ्लायशर, प्राइस व वॉकर हे अभ्रकात आणि प्लॅस्टिकमध्ये भारित कणांचे माग शोधत होते. जड कण जेथून जातो तेथील रचना मोडते. योग्य रसायनात तेवढाच भाग लवकर झिजतो व छिद्र उरते. अशा पटलांच्या गाळण्या बाजारातही आल्या. पण त्या होत्या चाळण्याच!

१९९५मध्ये कोलोरॅडो राज्य विद्यापीठातील मार्टिन व सहकाऱ्यांनी अशा पटलातील छिद्रांना आतून सोन्याचा मुलामा दिला. सोन्याला ऋण विभव दिला की धन आयन पार जात. धन विभव दिला की ऋण आयन. छिद्र तेच, बदलला तो भिंतीवरचा भार.

असे का व्हावे? भिंतीवरचा भार विरुद्ध भाराच्या आयनांना ओढतो, समान भाराच्या आयनांना दूर सारतो. मिठाच्या ०.१ मोलर द्रावणात हा प्रभाव सुमारे १ नॅनोमीटर, म्हणजे मीटरच्या एक अब्जांश, अंतरापर्यंत पोचतो, ०.००१ मोलर द्रावणात सुमारे १० नॅनोमीटर. रुंद छिद्राचा मध्यभाग त्यातून सुटतो, अरुंद छिद्राचा सुटत नाही.

२००२मध्ये सीवी व फुलिन्स्की यांनी पॉलिएस्टरच्या पटलात एकच शंकूच्या आकाराचे छिद्र घेतले. कॉस्टिक सोड्याने झिजलेल्या भिंतीवर कार्बोक्झिल गट उघडे पडतात; उदासीन द्रावणात ते ऋणभारित असतात. त्यामुळे विद्युतप्रवाह एका दिशेने सहज वाहतो, उलट दिशेने कष्टाने. द्रावण पुरेसे आम्लधर्मी केले की भार जातो आणि हा भेदही मिटतो.

परंतु सोडियम व पोटॅशियम यांचा भार सारखाच. तेथे नुसता भार पुरत नाही. मॅकिनन यांनी १९९८मध्ये पोटॅशियम मार्गिकेची रचना उलगडली. तिच्या भिंतीतील ऑक्सिजनचे अणू पोटॅशियमच्या मापाने बसवलेले आहेत. लहान सोडियम त्यांच्यात नीट बसत नाही.

वर्गात निवडक्षम पारपटलाचे चित्र काढताना आपण नुसती भोके काढतो. त्या भोकांच्या भिंतीवर काय असेल, हेही विद्यार्थ्यांना विचारून पाहावे.