ओकच्या तुळयांचे ‘जंगल’

पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलच्या छताखालील तुळयांना फ्रेंच लोक ‘जंगल’ म्हणत. मुख्यतः बाराव्या-तेराव्या शतकांत तोडलेल्या ओकचे ते लाकूड. (आपल्याकडे ओक हे आडनाव, तिकडे झाड.) वाढताना झाडांनी हवेतून घेतलेला कार्बन त्यात सुमारे ८०० वर्षे साठून होता, १५ एप्रिल २०१९ च्या आगीत तो हवेत परतला.

फेरबांधणीसाठी सुमारे २,००० ओक तोडायचे ठरले, तेव्हा फ्रान्समध्येच विरोध झाला. पर्याय ठाऊक होता. पहिल्या महायुद्धात जळालेल्या रॅंस कॅथेड्रलचे छत आंरी दनो या वास्तुविशारदाने काँक्रीटच्या सांगाड्यावर उभारले होते. ते जळत नाही, हे खरेच. पण सिमेंटसाठी चुनखडी भाजताना भट्टीच्या धुराखेरीज दगडातलाही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ओकला भट्टी लागत नाही. छताच्या मोठ्या भागात सुतारांनी ओले ओंडके कुऱ्हाडीने तासून तसेच बसवले.

विरोधकांची हळहळ समजते. बेर्सेच्या जंगलातले काही ओक २०० वर्षांहून जुने होते. तरी माझ्या मते हिशेब लाकडाच्याच बाजूने झुकतो. अट एवढीच, की तोडलेल्या झाडाच्या जागी नवे वाढावे आणि ते वाढेपर्यंत तुळई टिकावी. डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडले. नव्या तुळयांमध्ये आता पाण्याचे बारीक तुषार सोडणारी यंत्रणा बसवली आहे.