नेच्यांचे जीवनचक्र

नेच्यांचे जीवनचक्र : नेचे या वाहिनीवंत पण फुले, फळे व बिया नसलेल्या वनस्पतींच्या वाढीचा व प्रजननाचा क्रम. नेच्यांच्या ज्ञात जाती सुमारे १०,५०० असून त्यांतील बहुतेक उष्ण व दमट प्रदेशांत आढळतात. बी दिसत नाही आणि रोपे तर उगवतात, या कोड्यातून यूरोपात एक गमतीदार समजूत रूढ झाली : नेच्याचे बी अदृश्य असते आणि ते जवळ बाळगणाराही अदृश्य होतो. जमेकातील शल्यवैद्य जॉन लिंडसे यांनी पानामागची धूळ पेरून रोपे उगवून दाखवली. तो वृत्तांत १७९४ मध्ये प्रसिद्ध झाला. शेवाळी, नेचे व सूचिपर्णी वृक्ष या सर्वांत पिढ्यांचे एकांतरण (दोन वेगळ्या पिढ्या आलटून पालटून येणे) एकाच सूत्राने चालते, हे व्हिल्हेल्म होफमाइस्टर यांनी १८५१ मध्ये दाखवले.

आपण ज्याला नेचा म्हणतो ती बीजाणुधारी (द्विगुणित) पिढी होय. मूलक्षोडापासून निघणारी कोवळी पाने टोकाकडून आत गुंडाळलेली असतात व उलगडत वाढतात. पक्व पानांच्या मागे तपकिरी ठिपके किंवा कडेने पट्टे दिसतात. कुंडीत नेचा लावणाऱ्या अनेकांना ती कीड वाटते. ते बीजाणुकोशांचे पुंज होत. बहुतेक नेच्यांत एका कोशात ६४ बीजाणू तयार होतात. कोशाभोवती जाड भित्तींच्या पेशींचे अपुरे वलय असते. या पेशींची फक्त बाहेरची भित्ती पातळ असते. हवा कोरडी होऊन पेशींतील पाणी उडू लागले, की ती आत ओढली जाते, वलय मागे वाकते आणि कोश फाटतो. ताण फार वाढला, की पेशींत वाफेचे बुडबुडे होतात, ओढ एकदम सुटते आणि वलय गलोलीसारखे परत येऊन बीजाणू भिरकावते. बीजाणू उडायला कोरडी हवा लागते. पुढचे सारे मात्र पाण्यावाचून अडते.

ओल्या जागी पडलेल्या बीजाणूपासून थेट नेचा उगवत नाही. उगवते ती काही मिलिमीटर रुंदीची, बहुधा हृदयाकृती, हिरवी गंतुकधारी (एकगुणित) पिढी. तिला मुळे, खोड, पाने नसतात; मूलकल्पांनी ती जमिनीला चिकटते व आपले अन्न स्वतःच तयार करते. तिच्या खालच्या अंगाला रेतुकाशय (नर-इंद्रिये) व अंदुककलश (स्त्री-इंद्रिये) असतात. अनेक कशाभिका असलेली चलरेतुके पाण्याच्या पातळ थरातून पोहत अंदुकापर्यंत जातात. फलनानंतर नवा नेचा वाढू लागतो व गंतुकधारी सुकून जाते. (शेवाळींत उलट गंतुकधारीच ठळक व टिकाऊ असते.) नेच्यांनी कोठे वाढावे हे बव्हंशी ही बारकी पिढी ठरवते. पावसाळ्यात सह्याद्रीतील दरडींवर व जुन्या विहिरींच्या चिऱ्यांत नेच्यांची दाटी होते ती म्हणूनच. मोठा नेचा कोरड बराच सोसतो. झाडांवर व खडकांवर वाढणारे बाशिंग उन्हाळ्यात हिरवी पाने गाळून मूलक्षोडाच्या बळावर तगते.

काही जातींनी पाण्याची ही अट चुकवली आहे. टेरिस क्रेटिका या नेच्यात फलनाशिवाय गंतुकधारीपासूनच नवा नेचा फुटतो, हे विल्यम फार्लो यांनी १८७४ मध्ये नोंदवले. अशा जातींत एका कोशात बहुधा ३२ बीजाणू असतात. हंसराज या नेच्याच्या काही जातींत पानाचा लांबलेला शेंडा जमिनीला टेकला, की तेथेच मुळे फुटून नवे रोप होते.