गाठोड्याची वंशावळ

आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून सणसरकडे निघाली की वाटेत काटेवाडीला परीट मंडळी तिच्यासाठी धोतरांच्या पायघड्या घालतात. धोतराचा गुणच असा, की ते नेसता येतं, अंथरता येतं, पांघरता येतं आणि घडी घालून काखेत मारताही येतं. आपल्याकडच्या प्रवासी सामानाची वंशावळ या बिनशिवणीच्या कापडापासून धरावी लागते. धोतर, उपरणं, लुगडं यांना ना कॉलर, ना इस्त्रीची धार. चुरगळायची भीती नाही म्हटल्यावर पेटी हवी कशाला? चार टोकांची गाठ मारली की झालं बोचकं.

दूरच्या वाटेला पडशी असे. खांद्यावर टाकायची, एक खण छातीवर, एक पाठीवर. दोन्हीकडचं वजन सारखं नसेल तर ती घसरायची, त्यामुळे भरतानाच हिशेब करावा लागे. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली देहूहून पालखी सोहळा सुरू केला, तेव्हापासून पायी वारकऱ्याचं सामान या मापातलंच.

अंथरूणही न्यायचं तर वळकटी. खाली सतरंजी, तिच्यावर घोंगडी, मधोमध कपडे सपाट पसरायचे, दोन्ही कडा आत दुमडायच्या आणि गुडघ्याने दाबत दाबत घट्ट गुंडाळत न्यायचं. वर सुतळीचे दोन आळे. गुडघ्याखाली हवा निघून जाते आणि गोल गुंडाळलेल्या कापडाला घडीसारखी कडक मोड पडत नाही. हल्ली कपड्यांचे रोल करून बॅग भरायला शिकवतात, ती हीच युक्ती.

साहेबाने आगगाडीबरोबर होल्डॉल आणला, म्हणजे पट्टे आणि खिसे लावलेली वळकटीच. खरी फारकत केली ती सदरा-पँटने. शिवलेल्या कपड्याला आकार असतो आणि तो टिकवायला कडक भिंती लागतात. म्हणून पत्र्याची ट्रंक आली. १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढे गावोगावच्या ट्रंका एसटीच्या टपावर चढल्या. मागची शिडी चढून ट्रंक वर पोचवणं हा स्वतंत्र पराक्रम असे. सत्तरच्या दशकात व्हीआयपीची सुटकेस आली आणि लग्नाच्या रुखवतात मिरवू लागली. अमेरिकेत बर्नार्ड सॅडोने चाकांच्या बॅगेचं पेटंट १९७२ साली घेतलं, तर रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने १९८७ च्या सुमारास ती उभी करून तिला लांब दांडा लावला. चाक आलं आणि माणूस गरजेपेक्षा जास्त भरायला लागला, असं माझं मत आहे. उचलायचं नसलं की हिशेब सुटतो.

पत्र्याची पेटी मात्र अजून निवृत्त झालेली नाही. दिवाळीच्या आगेमागे भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर या कारखान्यांकडे ऊसतोडीच्या टोळ्या येतात, तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ती असतेच. कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत, उंदीर आणि पाऊस दोन्ही शिरतात, तिथे कापडी बॅगेचा निभाव लागत नाही. एका कोयत्याचा, म्हणजे नवरा-बायकोचा, पाच-सहा महिन्यांचा संसार असा बांधून येतो, पण बॅग भरण्याच्या चर्चेत त्यांना कुणी विचारत नाही.

वारीत आता पाठीवरचं ओझं दिंडीच्या ट्रकने घेतलं आहे. सकाळी ट्रकमध्ये बॅगा चढतात, त्यांत चाकांच्याही असतात, पण मुक्कामाच्या चिखलात चाकांचा उपयोग शून्य. शेकडो सारख्या पिशव्यांतून आपली ओळखायची म्हणून कुणी लाल चिंधी बांधतं, कुणी रंगाने नाव घालतं. जुनी माणसं अजून खताच्या गोणीतच अंथरूण बांधतात. गोणी भिजत नाही आणि हरवली तरी हळहळ नाही.

इंदापूर सोडून पालखी सराटीला नीरेकाठी पोचते. तिथे दोन बाया धुतलेल्या लुगड्याची टोकं धरून वाऱ्यावर वाळवताना दिसतात. एक अंगावर, एक वाळत, एवढ्यावर पंढरपूर गाठता येतं. सामान कमी होतं ते घडीच्या कौशल्याने थोडं आणि कापड लवकर वाळण्याने जास्त. म्हणून पुढच्या वर्षी वारीला निघणार असाल तर जीन्स घरी ठेवा. आषाढातल्या पावसात ती दोन दिवस वाळत नाही, आणि ओली पँट पिशवीतल्या बाकी कपड्यांनाही वास लावते.